बाबांच्या आजाराशी भांडणं सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

कोयनाकाठ:
बाबा एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोला. वय ७९, अल्झायमर्स. दुपारपर्यंत माणूस ठीक असतो. पेपर चाळतो, चहात बिस्किट बुडवतो, आईला नावाने हाक मारतो. पाच वाजले की सुरू. "पेटी कुठाय माझी? सातची वस्तीची गाडी आहे, ड्रायव्हर खोळंबलाय." मी सांगतो, बाबा, तुम्ही २००४ लाच रिटायर झालात. त्यावर ते माझ्याकडे बिनतिकिटाचा पॅसेंजर सापडल्यासारखं बघतात. मग दाराच्या कडीशी झटापट, शिव्या, आईचं रडणं. रोजचंच.

माझ्या बाजूने सगळं चालू आहे. सकाळी फोटो दाखवून "हा कोण, सांगा", मग शब्दकोडं, बदाम, ब्राह्मी. पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं, मग तिसऱ्यांचं. अल्झायमर्सची डोनेपेझिल गोळी चालू आहे. मामा म्हणतात, "किती ताणणारेस? आहे ते मान्य कर." मान्य करायचं म्हणजे काय हो? गोळ्या बंद करून खुर्चीत बसवून ठेवायचं? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा. प्रवचन नको.

शांतीब्रह्म:
प्रारब्ध भोगूनच संपवावं लागतं. रोज तिन्हीसांजेला दिवा लावून नामस्मरण करा, मन आपोआप निवेल.

मिरजेची_वैनी:
वरच्या दादांनी दिवा लावायला सांगितलाय, तो लावाच. पण ट्यूबलाइटही लावा आणि उजेड असतानाच लावा. दिवस कलला, घरात अंधारून आलं की अशा माणसांचा गोंधळ वाढतो. आमच्या डॉक्टरांनी त्याला 'सनडाउनिंग' म्हणून नाव सांगितलं होतं. बऱ्याच घरांत हीच वेळ वाईट असते.

आमच्याकडे सासूबाई होत्या. आम्ही फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यांना संध्याकाळ झाली की म्हशीची धार काढायची असायची. चरवी शोधत घरभर फिरायच्या. नवरा सांगायचा, आई, म्हैस विकून वीस वर्षं झाली. त्यांना ती बातमी दरवेळी नवी! म्हणजे आमच्या घरात रोज म्हैस विकली जायची आणि रोज त्या तिच्यासाठी रडायच्या. शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही गप्प बसा. आणि विचारायला लागले, "आत्या, कुठली म्हैस? ती मारकी?" झालं, मग मारकीच्या पुराणात अर्धा तास जायचा. ती कुणाला शिंग मारायची, वैरण कोण टाकायचं, दूध कुणाकडे जायचं. तेवढ्यात मी भाकरी थापून मोकळी. जेवायला बसल्या की चरवी विसरून जायच्या.

नवऱ्याला हे खोटं वागणं वाटायचं. मला नाही वाटलं. या आजारात हल्लीचं आधी पुसलं जातं, जुनं मागे राहतं. तुमच्या बाबांच्या लेखी ते अजून नोकरीत आहेत आणि पोरगा त्यांना ड्युटीवर जाऊ देत नाहीये. चिडतील नाहीतर काय करतील?

फोटोची परीक्षा तर आजच बंद करा. रोज सकाळी उठून बापाला नापास करायचं हे कुणी सांगितलं? "हा बघा तुमचा पुतण्या, गुऱ्हाळ आहे त्याचं" असं आपणच सांगून टाकायचं. कडी दाराच्या वरच्या बाजूला बसवा, तिकडे त्यांची नजर जात नाही. नाव-पत्ता-फोन कापडावर लिहून सदऱ्याला आतून शिवा. खिशातली चिठ्ठी ते काढून टाकतात.

रिटायर्ड_सिस्टर:
वैनींशी सहमत, पण एक पुरवणी. आजार मान्य केलात तरी प्रत्येक गोष्ट आजाराच्या खात्यावर टाकू नका. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, माणूस पेंगायला लागला किंवा असंबद्ध बडबडायला लागला, तर लगेच दाखवा. वयस्कर माणसात लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, झोपेची नवी गोळी, यातलं काहीही पुरतं, आणि त्यावर उपाय असतो. बी-१२, थायरॉइडची तपासणी झालीय ना? ऐकू नीट येतं का?

डोनेपेझिल मनाने बंद करू नका. ती आजार थांबवत नाही, काही जणांना काही काळ थोडं सावरते, बस्स. तीन डॉक्टर एकच सांगत असतील तर चौथा गाठू नका. त्या पैशात संध्याकाळपुरता माणूस ठेवा आणि आईला जरा पाठ टेकू द्या. तुमच्या पोस्टमध्ये आई फक्त रडताना दिसली, म्हणून म्हटलं. आणि एकटे पडल्यासारखं वाटून घेऊ नका. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर्स त्यातलाच) असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. कराडातही अशी घरं असणारच, दार लावून बसलीत इतकंच.

डबलबेल:
मीही एसटीतलाच, सांगलीकडचा. अहो, पेटी मागतायत तर द्या की पेटी! पत्र्याचा डबा, थोडी सुट्टी नाणी आणि एक वही. वहीत रकाने आखा: कुठून, कुठपर्यंत, तिकिटं, रक्कम. कंडक्टरला गाडी चुकण्यापेक्षा वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, न जुळण्याची धास्ती मोठी. त्यात गुंतले की दार आठवणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वस्तीची गाडी म्हणजे रात्री गावात मुक्काम आणि पहाटे तीच गाडी परत. त्या गावात जेवण कुणाकडून यायचं ते विचारा त्यांना. हे कुठलाच कंडक्टर विसरत नाही.

कोयनाकाठ:
आठवड्याने लिहितोय. वही दिली. लाइट लावून पाचला टेबलाशी बसवतो. रकाने भरतात, बेरीज चुकते, मी बघतो आणि पुढचं पान आखून देतो. रोज जमतंच असं नाही, परवा वही भिरकावली आणि कडी शोधत बसले. काल मात्र मी समोर नाणी मोजत होतो, तर विचारलं, "तुम्ही कुठं उतरणार?" मी म्हटलं, पाटण. "आता गाडी नाही पाटणला, सकाळच्याला या." बरं म्हटलं. जेवणाचं विचारलं तर एका घरच्या आमटीचं इतकं सांगितलं की आई म्हणाली, माझ्या आमटीला कधी एवढं बोलले नाहीत.

चौथ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द केली. बी-१२ तपासायचं राहिलं होतं, उद्या रक्त देणार. आईसाठी एक बाई बघतोय. बदाम चालू आहेत, ते आता मीच खातो.

डबलबेल काका, जुना तिकिटांचा ट्रे आणि चिमटा कुठे मिळेल का?

डबलबेल:
ट्रे डेपोत जमा करावा लागायचा, तो कुणाच्या घरी सापडणं अवघड. चिमट्याऐवजी स्टेशनरीच्या दुकानातला एका भोकाचा पंच घ्या. लग्नपत्रिका कापून तिकिटं करा, जाड कागद लागतो.