हरिपूर : पेवं, चिंचा आणि सांगली कुठं संपते? (अनुभव धागा)

सांगली-हरिपूर रस्त्यावरच्या चिंचा ज्यांनी सायकल थांबवून पाडल्यात, त्यांच्यासाठी हा धागा. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, नाटककार गो. ब. देवलांचं जन्मगाव, एवढी पुण्याई असलेलं गाव. कागदावर ग्रामपंचायत, पण सांगली कुठं संपली ते आता कळत नाही. तुमच्या डोळ्यांदेखत हे कसं झालं, लिहा. घरातलं लिहा.

पेवकरी :
वडील पेवावर, म्हंजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर, हमाल. आमची माती चिकट, पंधरा-वीस फूट खोदलं तरी ढासळत न्हाई. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट रांजणासारखं. तळाला, कडेला पाला, मग हळद, आणि तोंड लिंपून बंद. आत हवाच न्हाई तर कीड कुठली? पण उघडल्या-उघडल्या उतरला तो गेलाच. आधी तासन्‌तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. विझला की थांबायचं. मी एकदा विचारल्याशिवाय उतरलो, वर आल्यावर थोबाडीत बसली. वडिलांचा पिवळा रंग दिवाळीच्या उटण्यानंही निघायचा न्हाई.

संगमकाठ :
२००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. कुजलेल्या हळदीचा वास नाकातून जाईना. मग व्यापारी गोदामांकडं वळले, पेवं बुजली, प्लॉट पडले. 'पेव फुटणे' आता आमच्यात फक्त प्लॉटिंगला म्हणतात.

नवी हरिपूरकर :
आम्ही २०१२ ला घर घेतलं. एजंट म्हणाला, "वहिनी, पाणी इकडं येतच नाही." शेजारच्या आजी म्हणाल्या, "२००५ ला माझ्या दारात नाव लागली हुती, बाई." २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आम्ही मिरजेत नणंदेकडं. परतलो तर भिंतीवर गाळाची रेघ. आजींनी ती २००५ च्या रेघेशी ताडून बघितली. दोन हात वर.

कोथळीचा जावई :
श्रावणी सोमवारच्या यात्रेला नदीपलीकडून, कोथळीतून, होडीनं यायचो. आता पूल झालाय, गाडी थेट दारात. सासूबाई अजून विचारतात, "होडी मिळाली का लवकर?"

पेवकरी :
गेल्या साली शेजारी पायाचा खड्डा काढताना जेसीबीचं चाक खचलं. खाली बुजवलेलं पेव. माती अजून पिवळी हुती.