शेंडा उडवू नका, फांदी वाकवा

दोन वर्षांचं हरमन-९९ (उष्ण भागातही फळणारं सफरचंदाचं वाण) अकरा फुटांवर गेलंय, हिवाळ्यात निम्म्यावर कापू का, असं विचारलंय तुम्ही. दादा, नका कापू. जुळे सोलापुरात माझ्या अंगणातल्या झाडावर मी हाच उद्योग केला होता. कापाखालून केरसुणीसारखे सात-आठ सरळसोट फुटवे आले आणि पावसाळा सरेपर्यंत झाड पुन्हा तेवढंच उंच!

हिवाळ्यात विश्रांतीतल्या झाडाच्या मुळांत अन्नाचा साठा भरलेला असतो, तो सगळा कापल्यावर उरलेल्या थोड्या डोळ्यांकडे (जिथून फुटवे येतात त्या कळ्यांकडे) धावतो. उंची रोखायची तर वाढ चालू असताना कापा. थंड प्रदेशात हे ऐन उन्हाळ्यात करतात. आपल्याकडे मे महिन्यात पानांची सावली काढली तर ४२-४३ अंशांत साल भाजते. त्यामुळे पाऊस लागल्यावर, जुलैत. सहा-सात फुटांवर कमी जोमाची, बाहेर झुकलेली फांदी बघा आणि नेमका तिच्या वर काप घ्या. तीच पुढे शेंडा होते.

बाकीच्या उभ्या फांद्या सुतळीने खाली ओढून खोडापासून साधारण ६० अंशांत ठेवा. फांदी झुकली की वाढीचा जोर ओसरतो, फळकळ्या धरतात. मी पाण्याच्या बाटल्या लटकवल्या होत्या, शेजारच्या काकू विचारायच्या, कसला उतारा केलाय!

आखूड, सुरकुतलेल्या काड्या वाळक्या समजून खुडू नका, फळं मुख्यतः त्यांच्यावर येतात. कापावर डाळिंबाला लावतो तीच बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) चालते.