मदत हवी आहे: वाचनालयाचं संकेतस्थळ उघडल्यावर स्कॅनर कुकींना ‘धोका’ म्हणतोय, हे फॉल्स पॉझिटिव्ह (निर्दोष गोष्टीला चुकून धोका ठरवणं) आहे का?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या संकेतस्थळाची देखभाल मी करतो. माझी नोकरी वेगळी आहे, हे काम वाचनालयावरच्या जिव्हाळ्यापोटी. नव्या पुस्तकांची यादी, पुस्तक राखून ठेवण्याची सोय, वर्गणी कुठपर्यंत भरली आहे ते, आणि दिवाळी अंकांच्या योजनेची माहिती, एवढंच त्यावर आहे. सभासदांत निवृत्त मंडळी बरीच. वाचनालय दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे घरबसल्या पुस्तक राखून ठेवता येणं ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी संगणकावर एक फुकटातला अँटी-स्पायवेअर स्कॅनर टाकला. संध्याकाळी आमच्या संकेतस्थळावर पुस्तक राखलं आणि लगेच स्कॅन चालवला. लाल अक्षरांत ऐंशीच्या वर ‘धोके’ निघाले. त्यांनी पडद्याचा फोटो काढून सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि खाली लिहिलं, ‘वाचनालयाच्या साइटवरून व्हायरस येतो आहे, कोणी उघडू नका.’ काकांचा हेतू चांगलाच होता, इतरांना त्रास होऊ नये म्हणून त्यांनी कळवलं. पण आता लोक घाबरले आहेत. काहींनी खाती बंद करायला सांगितली आहेत. कार्यवाह म्हणतात, कार्यकारिणीच्या बैठकीत संकेतस्थळ बंद करण्याचाच ठराव मांडू.

अहवालात प्रत्येक ओळीपुढे ‘ट्रॅकिंग कुकी’ असं आहे. विंडोजमधल्या डिफेंडर या अँटीव्हायरसने त्याच संगणकाची पूर्ण तपासणी केली तर काहीही सापडलं नाही. स्कॅनरने काढून टाकलेल्या कुकी दुसऱ्या दिवशी परत दिसतात, त्यामुळे ‘व्हायरस जातच नाही’ ही समजूत पक्की होत चालली आहे.

जाणकारांनी सांगावं: हे फॉल्स पॉझिटिव्ह आहे का? दोन स्कॅनरांपैकी कोणाचं खरं धरायचं? स्कॅनर बनवणाऱ्यांकडे तक्रार केली तर आमचं नाव यादीतून निघेल का? आणि सभासदांना काय सांगू? त्यांना खोटा दिलासा द्यायचा नाही. खरंच काही गडबड असेल तर मीच आधी संकेतस्थळ बंद करीन.

कळफलक:

बंद करण्याची घाई नको. आधी दोन गोष्टी सांगा. अहवालात कुकींपुढे कोणत्या संकेतस्थळांची नावं आहेत? आणि प्रकारात ‘ट्रॅकिंग कुकी’ सोडून आणखी काही आहे का, म्हणजे ट्रोजन (उपयोगी प्रोग्रॅमचं सोंग घेऊन आलेला घातक प्रोग्रॅम), कीलॉगर (टाइप केलेलं चोरून नोंदवणारा प्रोग्रॅम), एखादी ‘.ईएक्सई’ फाइल, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) नोंद?

इथे अहवाल टाकताना फक्त नावं टाका. कुकीच्या आतला मजकूर दिसत असेल तर तो झाका. लॉगिनची कुकी जिवंत असेल तर ती ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्डाशिवाय त्या खात्यात शिरता येतं. गटावर टाकलेल्या फोटोतही हे बघून घ्या.

धागाकर्ता:

धन्यवाद. काकांच्या घरी जाऊन पूर्ण अहवाल पाहिला. सगळ्या ओळी ट्रॅकिंग कुकीच्याच आहेत, धोक्याची पातळी ‘कमी’ (ती मात्र अगदी बारीक राखाडी अक्षरांत आहे). ट्रोजन वगैरे काही नाही. नावं डबलक्लिक, स्कोअरकार्डरिसर्च, अ‍ॅडएनएक्सएस अशी. आमच्या वाचनालयाचं नाव यादीत कुठेच नाही! फोटोतही मजकूर दिसत नाही, फक्त नावं आहेत. ‘सर्व धोके काढा’ हे बटण दाबलं की पैसे मागतो.

कळफलक:

मग चित्र बरंच स्पष्ट झालं. जरा सविस्तर लिहितो, तुम्हाला बैठकीत उपयोगी पडेल.

कुकी म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरजवळ ठेवायला दिलेला छोटा मजकूर. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी ही सोय आणली. त्याआधी प्रत्येक पान उघडताना सर्व्हरला तुम्ही नवेच वाटायचात. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो तसा हा बिल्ला. पुढच्या वेळी ब्राउझर तो दाखवतो आणि सर्व्हर ओळखतो. एका कुकीत साधारण ४०९६ बाइट मावतात. तो प्रोग्रॅम नाही, स्वतःहून चालू शकत नाही, फाइली खराब करू शकत नाही. त्यामुळे ‘कुकी म्हणजे व्हायरस’ हे साफ चूक आहे.

पण स्कॅनरने ओळखण्यात चूक केली आहे का? तर तसंही नाही. खरं फॉल्स पॉझिटिव्ह कसं असतं याचं उदाहरण देतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अद्ययावत यादीने विंडोज एक्सपीतली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजची स्वतःचीच फाइल व्हायरस समजून अडवली. जगभरात कितीतरी कार्यालयांतले संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. तिथे निर्दोष वस्तूला गुन्हेगार ठरवलं गेलं. तुमच्या काकांच्या संगणकावर डबलक्लिकची कुकी खरोखर आहे आणि ती जाहिरातींसाठी माग ठेवणारीच आहे. ओळख बरोबर, पण तिचं गांभीर्य दाखवताना अतिशयोक्ती केली आहे. कीलॉगर आणि जाहिरातीची कुकी एकाच लाल आकड्यात मोजली की बघणारा घाबरणारच.

ही पद्धत जुनी आहे. २००० च्या आसपास अ‍ॅड-अवेअर, स्पायबॉट यांसारखी साधनं आली, तेव्हा जाहिरात कंपन्यांचा हा माग लोकांना उघड करून दाखवणं हे त्यांचं कामच होतं, आणि ते चांगलं काम होतं. तेव्हाच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकींची वेगळी मजकूर-फाइल असायची, शोधणं सोपं. आता क्रोम सगळ्या कुकी एकाच डेटाबेसमध्ये ठेवतो. आतला मजकूर कूटबद्ध (किल्लीशिवाय न वाचता येणारा) असतो, पण कोणत्या संकेतस्थळाची कुकी आहे ते नाव उघडं असतं. स्कॅनर ते नाव स्वतःकडच्या यादीशी जुळवतो. कुकीने काही केलं का, हे तो तपासत नाही. कुकी कोणत्या पानावरून आली हेही त्या नावावरून कळत नाही. काकांनी दिवसभरात बातम्या, रेल्वेचं वेळापत्रक, हवामान असं जे काही पाहिलं असेल, त्या सगळ्यांवर जाहिराती असतात. तुमचं संकेतस्थळ शेवटी उघडलं म्हणून आळ त्याच्यावर आला.

डिफेंडर आणि मालवेअरबाइट्स (हाही व्हायरस शोधणारा एक प्रोग्रॅम) कुकींना धोक्यात धरत नाहीत. म्हणून दोन स्कॅनरांत विरोध नाही. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. संगणकाला संसर्ग झाला आहे का, एवढाच प्रश्न असेल तर डिफेंडरचं उत्तर धरा.

काढल्यावर परत येतात याचं कारण साधं आहे. तीच पानं पुन्हा उघडली की त्याच कुकी पुन्हा मिळतात. त्या काढायला पैसे मुळीच देऊ नयेत, ब्राउझरच्या सेटिंगमधून फुकट निघतात. फक्त सगळ्याच काढल्या तर सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल, हे ज्येष्ठांना आधी सांगा, नाहीतर ‘खातं गेलं’ म्हणून दुसरी घबराट.

माळरान:

+१. आणि स्कॅनरवाल्यांकडे तक्रार करून काही होणार नाही. यादीत तुमचं नावच नाही, काढणार काय? त्यापेक्षा संकेतस्थळाचा पत्ता व्हायरसटोटलवर (अनेक स्कॅनरांकडून एकदम तपासून देणारी सेवा) आणि गूगलच्या सेफ ब्राउझिंग तपासणीवर टाका. दोन्ही फुकट आहेत. निकालाची छापील प्रत कार्यवाहांना द्या, कागद हातात असला की बैठकीत बोलणं सोपं जातं.

ग्रंथपाल_निवृत्त:

मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं. वरचे प्रतिसाद पटले, तरी थोडी वेगळी बाजू मांडते.

‘आमचं नाव यादीत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. तुमच्या पानांवर ‘शेअर करा’ची तयार पट्टी आहे का? एखाद्या व्याख्यानाचा व्हिडिओ चिकटवला आहे का? असतील तर तुमच्या पानावरूनही बाहेरच्या कुकी जात असतील, कारण त्या वस्तू बाहेरच्या सर्व्हरवरून येतात. संगणक बिघडेल अशी मला भीती नाही. पण कोणत्या वाचकाने कोणतं पुस्तक नेलं हे आपण दुसऱ्या वाचकाला कधी सांगत नाही. घटस्फोटाच्या कायद्यावरचं किंवा नैराश्यावरचं पुस्तक शोधणारी बाई काउंटरवर आवाज खाली करून विचारते, आणि आपण तिची ती गरज जपतो. त्याच पुस्तकाच्या पानावर बाहेरच्या कंपनीचं काही बसलेलं असेल, तर तिने काय शोधलं ते आपण दाराबाहेर कळवतो आहोत. काकांनी नकळत का होईना, योग्य प्रश्न उभा केला आहे.

कळफलक:

ताई, अगदी रास्त मुद्दा, आणि शेअरच्या पट्टीबाबत तर जास्तच. ती नुसतं चित्र नसते, पानात चालणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) असते. आजकालचे ब्राउझर बाहेरच्या सर्व्हरला पानाचा पूर्ण पत्ता आपोआप देत नाहीत, फक्त संकेतस्थळाचं नाव देतात. पण पानात चालणाऱ्या स्क्रिप्टला पूर्ण पत्ता वाचता येतो, म्हणजे पुस्तकाचं नावही.

धागाकर्ते, हे तपासून बघा. क्रोममध्ये नवीन प्रोफाइल बनवा. गुप्त खिडकी वापरू नका, कारण तिच्यात तृतीय पक्षाच्या (म्हणजे बाहेरच्या संकेतस्थळांच्या) कुकी मुळातच अडवलेल्या असतात आणि निकाल खोटाच चांगला दिसेल. नव्या प्रोफाइलमध्ये फक्त वाचनालयाचं संकेतस्थळ उघडा, दोन-चार पुस्तकांच्या पानांवर जा, व्हिडिओ असेल तर चालवा. मग एफ-१२ दाबून ‘अ‍ॅप्लिकेशन’मध्ये कुकी पाहा. तुमच्या नावाव्यतिरिक्त जी नावं दिसतील ती तुमच्या पानांनी बोलावलेली.

धागाकर्ता:

तपासलं. ताईंचा अंदाज खरा ठरला.

आमच्या स्वतःच्या नावाची एकच कुकी आहे, ‘पीएचपीसेसआयडी’. ती लॉगिनची, ब्राउझर बंद केला की जाते. बाहेरच्या कुकी दोन ठिकाणांहून येतात. एक शेअरची पट्टी, जी संकेतस्थळाच्या तयार साच्याबरोबरच आली होती आणि प्रत्येक पुस्तकाच्या पानावर बसली होती. दुसरा म्हणजे मुखपृष्ठावरचा व्याख्यानमालेचा यूट्यूब व्हिडिओ.

पट्टी लगेच काढून टाकली. गावात कोणी पुस्तकाचं पान शेअर करायचं तर पत्ता कॉपी करून पाठवतं, त्या पट्टीची कोणालाच गरज नव्हती. व्हिडिओचं काय करू? ज्येष्ठांना व्याख्यानं तिथेच ऐकायची सवय आहे, काढायला मन होत नाही.

माळरान:

व्हिडिओ चिकटवताना यूट्यूबचा ‘गोपनीयता वाढवलेला’ पर्याय निवडा, पत्त्यात ‘यूट्यूब-नोकुकी’ येतं. त्याहून स्वच्छ उपाय म्हणजे पानावर नुसतं चित्र ठेवा, त्यावर टिचकी मारली की यूट्यूब उघडेल. मग ज्याला ऐकायचं आहे तोच तिकडे जाईल, बाकीच्यांचा यूट्यूबशी संबंधच येणार नाही.

कळफलक:

चित्राचा उपाय करा. आणि तुमच्या त्या एका कुकीकडे लक्ष द्या, खरी जपायची वस्तू तीच आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये ‘फायरशीप’ नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेंशन आलं होतं. उघड्या वायफायवर बसलेल्या इतरांच्या लॉगिन-कुकी उचलून त्यांच्या खात्यात शिरता येतं, हे त्याने जगाला दाखवून दिलं. त्यानंतर मोठी संकेतस्थळं झपाट्याने एचटीटीपीएसकडे (ब्राउझर आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीकडे) वळली. आजही माहिती चोरणारे व्हायरस ब्राउझरमधल्या कुकीच आधी पळवतात. म्हणूनच २०२४ मध्ये क्रोमने विंडोजवर कुकींच्या कूटबद्धीकरणाला आणखी एक कडी घातली. म्हणजे व्हायरस कुकी चोरतो, कुकी व्हायरस आणत नाही. सभासदांना हे एवढं कळलं तरी पुष्कळ.

तुमच्याकडे पूर्ण संकेतस्थळ एचटीटीपीएसवर आहे ना? असेल तर सेशनच्या (म्हणजे त्या लॉगिनच्या) कुकीला ‘सिक्युअर’ (फक्त एचटीटीपीएसवरूनच जाईल), ‘एचटीटीपीओन्ली’ (पानातल्या स्क्रिप्टला वाचता येणार नाही) आणि ‘सेमसाइट’ (दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीबरोबर सहसा जाणार नाही) या तिन्ही खुणा लावा. पीएचपीच्या सेटिंगमधल्या तीन ओळींचं काम आहे.

काकांच्या क्रोममध्ये गोपनीयतेच्या सेटिंगमधून तृतीय पक्षाच्या कुकी बंद करून द्या. सफारीने त्या मार्च २०२० पासून पूर्ण अडवल्या आहेत. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे एकीकडचा माग दुसरीकडे जुळत नाही. क्रोमनेही २०२० मध्ये त्या बंद करण्याची घोषणा केली होती, पण २०२४ मध्ये तो बेत सोडला. म्हणून क्रोममध्ये हे हातानेच करावं लागतं. ते केल्यावर स्कॅनरमधला आकडा किती खाली येतो, ते काकांनाच बघू द्या.

धागाकर्ता:

एचटीटीपीएस आहेच, तिन्ही खुणा आज लावल्या. काकांच्या क्रोमचं सेटिंगही बदललं, जुन्या कुकी त्यांच्यासमोरच काढल्या. नंतरच्या स्कॅनमध्ये बोटावर मोजण्याइतक्याच ओळी उरल्या. काका म्हणाले, गटावर मीच लिहितो. व्हायरसटोटल आणि गूगल, दोन्हीकडे संकेतस्थळ स्वच्छ निघालं, त्याच्या प्रती कार्यवाहांना दिल्या आहेत. विषय आता ‘संकेतस्थळ बंद करणे’ऐवजी ‘वाचकांची गोपनीयता’ असा मांडायचं त्यांनी कबूल केलं.

फलकावर आणि संकेतस्थळावर लावायची सूचना अशी लिहिली आहे. चूक असेल तर सांगा:

‘वाचनालयाच्या संकेतस्थळावर कोणताही व्हायरस आढळलेला नाही. काही स्कॅनर जाहिरातींच्या कुकींना धोका म्हणून दाखवतात. अशा कुकी आणणारी बाहेरची पट्टी व व्हिडिओ आपण काढले आहेत. आता आपल्या संकेतस्थळावर एकही कुकी नाही. कुकी काढण्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. अडचण आल्यास वाचनालयात संपर्क साधावा.’

ग्रंथपाल_निवृत्त:

सूचना छान आहे, एकच वाक्य बदला. ‘एकही कुकी नाही’ हे खरं नाही, लॉगिनची आहे. उद्या कोणी तपासलं तर बाकीच्या वाक्यांवरचाही विश्वास जाईल. असं लिहा: ‘सभासदाने लॉगिन केल्यावर ओळख राहावी म्हणून एकच कुकी ठेवली जाते, ती ब्राउझर बंद केल्यावर आपोआप जाते.’

आणि अक्षर मोठं ठेवा. फलकासमोर चष्मा न लावता उभे राहणारे बरेच असतात.