‘सपोर्ट’ म्हणजे सोय की देखभाल? कर्नेलमधील मागे पडलेल्या नेटवर्क प्रोटोकॉलांविषयी शब्दचर्चा

प्रश्न

लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, कॉन्फिगरेशनवर (त्यात कोणते भाग घ्यायचे याच्या निवडीवर) मराठीत मार्गदर्शिका लिहीत असताना नेटवर्किंगच्या प्रकरणात दोन शब्दांपाशी काम थांबले आहे. आयपीएक्स, ॲपलटॉक, एक्स.२५, डेकनेट, इकोनेट यांसारख्या प्रोटोकॉलांना इंग्रजीत सरसकट ‘लेगसी’ म्हणतात आणि कर्नेलमध्ये त्यांचा ‘सपोर्ट’ आहे किंवा नाही, असे सांगतात. ‘कालबाह्य प्रोटोकॉलांना समर्थन’ असे लिहिता येईल. परंतु ते वाचून कोणता पर्याय निवडावा हे वाचकाला उमगेल, असे वाटत नाही. शिवाय पर्यायांसमोर येणाऱ्या ‘वाय’, ‘एम’ आणि ‘एन’ या तीन खुणांना काय म्हणावे? ‘सक्षम’ आणि ‘अक्षम’ ही जोडी रूढ होत आहे, पण येथे अवस्था दोन नसून तीन आहेत. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १

आधी ‘लेगसी’चा विचार करू. ‘जुना’ हा शब्द येथे उपयोगाचा नाही, कारण प्रश्न वयाचा नाही. इंटरनेटचा मोठा भाग आजही ज्या आयपीच्या चौथ्या आवृत्तीवर चालतो, तिचे विनिर्देश १९८१ साली प्रसिद्ध झाले, तर ॲपलटॉक १९८५ साली आले. थोरले आयपी चालू काळातले मानले जाते आणि धाकटे ॲपलटॉक लेगसी ठरते. ‘वारसा’ या शब्दात जपण्याचा आणि अभिमानाचा भाव आहे, जो येथे अभिप्रेत नाही. ‘कालबाह्य’ हा शब्द तर निकालच देऊन मोकळा होतो, आणि ज्याच्या कारखान्यात वा प्रयोगशाळेत एखादे जुने यंत्र अजून त्याच प्रोटोकॉलवर बोलते, त्याची गरज नाकारतो. मला ‘पूर्वप्रचलित’ हा शब्द योग्य वाटतो. एके काळी प्रचार होता, तो ओसरला आहे, मात्र कोठेतरी वापर उरलेला असू शकतो, एवढेच तो सांगतो.

‘प्रोटोकॉल’ला मात्र हात लावू नये. मराठीत त्याला ‘शिष्टाचार’ म्हणण्याची सवय राजशिष्टाचारातून आली आहे. दोन यंत्रांमधील संदेशांच्या आकाराचे आणि क्रमाचे नियम त्या शब्दातून व्यक्त होत नाहीत.

प्रतिसाद २

‘पूर्वप्रचलित’ पटतो, पण सर्वांना लावता येणार नाही. नॉव्हेलच्या नेटवेअरबरोबर पसरलेले आयपीएक्स किंवा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे डेकनेट खरोखरच प्रचलित होते. हौशी रेडिओचालकांचा एएक्स.२५ आणि त्यावर उभे असलेले नेटरॉम व रोझ हे मात्र सार्वत्रिक कधीच नव्हते. त्यांचा वापर पहिल्यापासून एका लहान वर्तुळात राहिला. अशांसाठी ‘विरळ’ हा शब्द हवा. हा भेद मी मनाने केलेला नाही. उबंटू या लिनक्स वितरणामध्ये मॉड्यूल (कर्नेलला जोडता येणारा कोडचा सुटा भाग) आपोआप स्मृतीत चढू नये म्हणून जी फाइल दिलेली असते, तिच्या नावातही ‘लेगसी’ नसून ‘रेअर’ आहे, आणि तिच्यात एएक्स.२५, नेटरॉम, एक्स.२५, रोझ, डेकनेट, इकोनेट यांच्याबरोबर आरडीएससारखा तुलनेने नवा प्रोटोकॉलही आहे. प्रोटोकॉल जुना असो वा नवा, त्याचे वापरकर्ते थोडे असले की त्याच्या कोडकडे पाहणारे डोळेही थोडे असतात आणि धोका तेथून येतो, असा त्या नावामागचा विचार दिसतो.

प्रतिसाद ३

‘सपोर्ट’विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरा घोटाळा तेथे आहे. ‘पाठिंबा’ आणि ‘समर्थन’ हे दोन्ही शब्द बाजू घेणाऱ्याचे आहेत. कर्नेल कोणाचीच बाजू घेत नाही. ‘आधार’ जवळचा आहे, तरी पुरेसा नाही. बोलताना आपण सहज म्हणतो की अमुक ठिकाणी तमुक गोष्टीची सोय आहे. तोच शब्द लेखनात का घेऊ नये? ‘या कर्नेलमध्ये एक्स.२५ची सोय आहे’ हे वाक्य कोणालाही समजते.

पण ‘सपोर्ट’चा अर्थ येथे संपत नाही. कर्नेलच्या मूळ कोडसोबत ‘मेंटेनर्स’ नावाची फाइल असते आणि तिच्यात प्रत्येक भागाची स्थिती नोंदवलेली असते. तेथे ‘सपोर्टेड’ म्हणजे त्या भागाकडे लक्ष देण्यासाठी कोणाला तरी मोबदला मिळतो. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कोणीतरी लक्ष देतो. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे सांभाळणारा आहे, पण त्याला अधूनमधून एखादी दुरुस्ती घेण्यापलीकडे वेळ नाही. ‘ऑर्फन’ म्हणजे सध्या सांभाळणारा कोणी नाही. आणि ‘ऑब्सोलीट’ म्हणजे जुना कोड, ज्याची जागा साधारणपणे अधिक चांगल्या व्यवस्थेने घेतली आहे. म्हणजे कॉन्फिगरेशनच्या यादीतला ‘सपोर्ट’ क्षमतेविषयी बोलतो, तर या फाइलमधला ‘सपोर्टेड’ माणसाविषयी बोलतो. एकाच इंग्रजी शब्दाचे हे दोन अर्थ मराठीत वेगळे करता येत असतील, तर ते केलेच पाहिजेत. पहिल्याला ‘सोय’ म्हणावे आणि दुसऱ्याला ‘देखभाल’.

डेकनेटचे उदाहरण घ्या. २०१० पासून ते कर्नेलमध्ये ‘ऑर्फन’ म्हणून नोंदलेले होते आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीत ते काढून टाकले गेले. मधली बारा वर्षे सोय होती, देखभाल नव्हती. ‘समर्थन आहे’ किंवा ‘समर्थन नाही’ यांपैकी कोणतेही वाक्य त्या काळाचे खरे वर्णन करू शकत नाही.

‘ऑर्फन’ला ‘अनाथ’ म्हणणे शब्दशः बरोबर असले, तरी तांत्रिक नोंदीत अकारण करुण वाटते, आणि ‘बेवारस’ म्हटले तर त्या कोडवर कोणाचा हक्कच उरला नाही, असा चुकीचा कायदेशीर अर्थ निघतो. ‘विनापालक’ लिहावे. ‘कालबाह्य’ हा शब्द फक्त ‘ऑब्सोलीट’साठी राखून ठेवावा.

प्रतिसाद ४

तीन खुणांसाठी ‘अंगभूत’, ‘सुटे’ आणि ‘वगळलेले’ हे शब्द सुचवतो. ‘वाय’ निवडल्यास तो भाग कर्नेलच्या मुख्य प्रतिमेतच बांधला जातो आणि यंत्र चालू असेपर्यंत तेथेच राहतो. ‘एम’ निवडल्यास त्याचे सुटे मॉड्यूल तयार होऊन डिस्कवर राहते आणि गरज पडेल तेव्हा स्मृतीत चढते. ‘एन’ निवडल्यास त्या कोडचे संकलनच होत नाही. ‘अक्षम’ या शब्दावर माझा आक्षेप यासाठी आहे की, एखादी गोष्ट हजर आहे पण निजलेली आहे, असे तो सुचवतो. वगळलेला भाग हजरच नसतो. तो हवा असेल, तर निदान त्याचे मॉड्यूल तरी बांधावेच लागते.

सुट्या मॉड्यूलविषयी एक गोष्ट मार्गदर्शिकेत ठळकपणे यावी. पुष्कळांना वाटते की ‘एम’ म्हणजे प्रशासकाने स्वतः चढवेपर्यंत निरुपद्रवी. तसे नाही. प्रत्येक प्रोटोकॉल-कुलाला एक क्रमांक असतो: एएक्स.२५चा ३, ॲपलटॉकचा ५, एक्स.२५चा ९, डेकनेटचा १२. साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने ९ क्रमांकाचे सॉकेट (संवादासाठीचे जोडणीचे टोक) मागितले, की कर्नेल ‘नेट-पीएफ-९’ या उपनावाने मॉड्यूल शोधतो आणि सापडल्यास ते आपोआप चढते. २०१० साली इकोनेटच्या कोडमधील दोषांचा उपयोग करून सामान्य वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासकाचे, अधिकार मिळवता येत होते, आणि त्यासाठी त्या यंत्राचा इकोनेटशी काडीचाही संबंध असण्याची गरज नव्हती. वर उल्लेखलेली उबंटूची फाइल हीच उपनावे बंद करते. अशा मॉड्यूलला चौथा शब्द हवा, ‘रोखलेले’. ‘काळ्या यादीतले’ म्हणू नये. मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोब या साधनातील ‘ब्लॅकलिस्ट’ हा आदेश केवळ उपनावाने होणारी चढाई थांबवतो, आणि मॉड्यूलचे खरे नाव देऊन प्रशासक ते तरीही चढवू शकतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘सोय’ आणि ‘देखभाल’ हा भेद मार्गदर्शिकेच्या पहिल्याच पानावर घेत आहे. आणखी एक शंका आहे. पर्यायांमधील संबंध सांगणाऱ्या ‘डिपेंड्स ऑन’ आणि ‘सिलेक्ट’ या दोन्हींना ‘अवलंबून’ म्हटले, तर चालेल का? आणि डेकनेटची नोंद पुढीलप्रमाणे केली आहे, ती कृपया तपासावी: ‘पूर्वप्रचलित प्रोटोकॉल. पहिली आवृत्ती १९७५. लिनक्स कर्नेलमध्ये २०१० पासून विनापालक, ६.१ पासून सोय नाही.’

प्रतिसाद ५

दोन्हींना एकच शब्द चालणार नाही, कारण दोन्हींची दिशा उलट आहे. नेटरॉमला एएक्स.२५ची पूर्वअट आहे, एएक्स.२५ निवडल्याशिवाय नेटरॉमचा पर्याय एरवी यादीत दिसतच नाही. ॲपलटॉक मात्र निवडताच एलएलसी नावाचा थर स्वतःसोबत ओढून आणते, त्याला ‘सहनिवड’ म्हणता येईल.

डेकनेटच्या नोंदीत ‘सोय नाही’ ऐवजी ‘काढून टाकले’ असे लिहावे. सोय नसण्याची कारणे तीन असू शकतात: वगळलेले, रोखलेले आणि काढून टाकलेले. प्रोग्रॅमला मात्र तिन्ही वेळा एकच त्रुटी मिळते, की पत्ता-कुलाची सोय नाही; म्हणूनच मार्गदर्शिकेने कारणांची नावे वेगळी ठेवली पाहिजेत. डेकनेट काढताना बाहेरच्या प्रोग्रॅमांचे संकलन अडू नये म्हणून त्याची शीर्षक-फाइल (हेडर) आणि १२ हा क्रमांक मागे ठेवले गेले. त्यामुळे प्रोग्रॅम बिनबोभाट संकलित होतो आणि चालवल्यावरच अडतो. आयपीएक्सच्या बाबतीत तर ४.१५ या आवृत्तीत कोड आधी ‘स्टेजिंग’ या वेगळ्या कप्प्यात हलवला गेला आणि २०१८ सालच्या ४.१८ मध्ये तेथून काढला गेला, म्हणून त्या नोंदीत दोन आवृत्त्या द्याव्या लागतील.

निदानासाठी वाचकाला चालू कर्नेलची कॉन्फिगरेशन फाइल पाहायला सांगावे. बहुतेक वितरणांत ती ‘बूट’ निर्देशिकेत असते. पर्यायाच्या ओळीत ‘इज नॉट सेट’ दिसले, तर तो भाग वगळलेला आहे. ‘एम’ दिसूनही सॉकेट मिळत नसेल, तर मॉड्यूल रोखलेले आहे का, किंवा त्याची फाइल डिस्कवर आहे का, हे पाहावे. ओळच सापडली नाही, तर दोन शक्यता उरतात: एक तर तो भाग त्या आवृत्तीतून काढून टाकलेला आहे, किंवा त्याची पूर्वअट पूर्ण झालेली नाही. जुनी फाइल नव्या कर्नेलला देऊन ‘ओल्डकॉन्फिग’ (जुनी निवड नव्या यादीशी जुळवणारा आदेश) चालवले, तर काढून टाकलेल्या पर्यायांची ओळ सहसा कोणतीही सूचना न देता गळते. म्हणून चालवण्याआधीची आणि नंतरची अशा दोन्ही फाइली शेजारी ठेवून त्यांची तुलना करण्याची पायरी त्याच परिच्छेदात यावी.