पाळणाघर, सांभाळायला ताई की आजी-आजोबा? खरा खर्च किती?

ऑफिसातल्या एकीची रजा संपत आलीये. काल म्हणाली, पाळणाघराची फी आणि ताईंचा पगार शेजारी मांडून बघितला, फार फरक नाही. मला माझी हिशोबाची जुनी वही आठवली. फी हा त्यातला सगळ्यात सरळ आकडा होता! डिपॉझिट वेगळं, त्यांना सुट्टी असली तरी फी पूर्ण, न्यायला उशीर झाला की दंड, आणि ताप उतरून २४ तास झाल्याशिवाय घेत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं, पण माझी सगळी रजा त्यातच गेली, मग बिनपगारी. ती कोणी धरतं का हिशोबात? तुम्ही कसं जमवलंत, लिहा.

निवांत_कधीतरी: आमच्याकडे ताई होत्या. एजन्सीचं कमिशन वरून. मधेच सोडून गेल्या, बदली येईपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने घरून काम, मीटिंगमध्ये मांडीवर पोरगं. ताई लाख होत्या पण, अजून फोन करतात त्याला

झोपाळू: दंड 😂 आमच्या मॅडम दारातच उभ्या असायच्या घड्याळ बघत. नवरा लिफ्टची वाट न बघता जिन्याने पळायचा

धाकटी_सून: आजी फुकट सांभाळते असं सगळ्यांना वाटतं. सासूबाईंच्या गुडघ्यांची फिजिओथेरपी कुठल्या खात्यात टाकू? आता दुपारपर्यंत पाळणाघर, मग आजी. फी काही अर्धी झाली नाही हां, पण धुसफूस थांबली.

खटपटी: पगारातून फी वजा केली तर हातात काहीच उरेना म्हणून नोकरी सोडली. पगारवाढ गेली, पीएफ थांबला, परत लागले तेव्हा आधीपेक्षा कमी पगारावर. आणि फी माझ्याच पगारातून का वजा करायची, दोघांच्या का नाही, हे कोणी विचारलंच नाही.

निवांत_कधीतरी: @खटपटी अगदी अगदी!!

चिमणपाखरं: मी पाळणाघर चालवते. वर्षाच्या आतली ३ बाळं म्हणजे एका ताईचे हात भरले, मोठी मुलं त्याहून जास्त बघता येतात. म्हणून तान्ह्यांची फी जास्त. कुठे फारच स्वस्त दिसलं तर आधी विचारा, एका ताईकडे किती बाळं. दंडाचं म्हणाल तर ताईंना पण घरी जायचं असतं हो 🙏

झोपाळू: मान्य मॅडम, पोचतोय 😂

धाकटी_सून: सर्दीचं कोणी लिहिलं नाही? एवढ्या लहान मुलांना वर्षाला ६-८ वेळा होतेच म्हणे, पाळणाघरात अजून जास्त. आम्ही पण सगळे लाइनीत शिंकतोय

खटपटी: विषयांतर, पण सर्दीने नाक बंद झाल्यावर रात्री झोपतात का तुमची पोरं?