मदत हवी आहे: गंडभेरुंडाची गोष्ट कुणी ऐकली आहे का?

नमस्कार मंडळी. माझी आजी निपाणीकडची. दिवेलागणीला ती दोन तोंडांच्या पाखराची गोष्ट सांगायची. ते पाखरू प्रत्येक चोचीत एकेक हत्ती धरून उडायचं, आणि त्याची सावली अंगणात पडली की पोरांनी घरात पळायचं! आजी गेली आणि गोष्टीचा शेवटही तिच्याबरोबर गेला, याची फार रुखरुख लागते.

हा गंडभेरुंड, एवढं नक्की. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तो असेच हत्ती धरून आहे, कर्नाटकाच्या राजमुद्रेवरही तोच. कर्नाटकातल्या बळ्ळीगावीला त्याचा 1047 सालचा स्तंभ आहे. पुराणकथेत नरसिंहाला आवरायला शरभ (शंकराचं अर्धं सिंह, अर्धं पक्षी असं रूप) आला आणि शरभाला आवरायला गंडभेरुंड. पंचतंत्रातला भारंड मात्र वेगळा वाटतो: पोट एक, माना दोन, एकीने रागाने विष खाल्लं आणि दोघी मेल्या.

मला हवी आहे ती पोथीतली नाही, घरातली गोष्ट. कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव भागात कुणाच्या आजी-पणजीकडून ऐकली असेल तर त्यांच्याच शब्दांत लिहाल का? गावातल्या देवळावर किंवा वेशीवर असं शिल्प असेल तर फोटोही टाका. लेकीला ही गोष्ट पुरी सांगायची आहे हो.