‘अँप विका, एकच रिसीव्हर पुरे’ म्हणणाऱ्या शहाण्यांसाठी

अण्णा_रामबाग
काल इथेच एकानं लिहिलंय, "घरात एव्हीआर (सिनेमाचा, अनेक स्पीकर चालवणारा रिसीव्हर) असताना गाण्यासाठी वेगळा दोन स्पीकरांचा स्टिरिओ अँप ठेवणं म्हणजे निव्वळ झांकी. विका आणि त्या पैशात सबवूफर घ्या." खाली अंगठ्यांची रांग. रात्री साडेबाराला वाचलं आणि झोप उडाली म्हणून लिहितोय, लांब होईल, ज्याला कंटाळा येईल त्यानं आपल्या इंदूरच्या सराफ्यात जाऊन गराडू खावेत.

माझा अँप बाबांनी १९८७ साली घेतलेला, देशी. दोनदा कपॅसिटर बदलले, व्हॉल्यूमचा पॉट खरखरला की स्प्रे मारतो, बस. एवढ्या काळात माझे तीन एव्हीआर झाले. पहिल्याला एचडीएमआयच नव्हतं. दुसऱ्याला होतं, पण फोर-के टीव्ही आणला तेव्हा कळलं की त्यात एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं कुलूप) नाही, म्हणजे त्यातून फोर-के पुढे जातच नाही. आवाज ठणठणीत, डबा नवाकोरा दिसतोय, आणि किंमत शून्य. अँपला बिचाऱ्याला एचडीएमआय म्हणजे काय हेच माहीत नाही, म्हणून तो म्हातारा होत नाही.

आता जोडणी, कारण "फार भानगड असते" असंही त्या पोस्टीत होतं. एव्हीआरच्या फ्रंट प्री-आऊटमधून (पुढच्या स्पीकरांचा कच्चा सिग्नल बाहेर देणारी भोकं) दोन आरसीए तारा अँपच्या ऑक्समध्ये, म्हणजे जादा इनपुटमध्ये. पुढचे दोन स्पीकर फक्त अँपला. सेंटर (टीव्हीखालचा मधला) आणि मागचे एव्हीआरला. सिनेमाला दोन्ही चालू, गाण्याला एव्हीआर बंद. संपली भानगड. अँपच्या मागे प्री-आऊट आणि मेन-इन जोडणाऱ्या त्या यू आकाराच्या क्लिपा आहेत, त्या काढून मेन-इनला दिलं तर अँपचा व्हॉल्यूम मधे येतच नाही, पण मग रेकॉर्ड ऐकायच्या वेळी वाकून क्लिपा परत बसवा, या वयात कोण वाकतं. म्हणून ऑक्स, आणि नॉबच्या शेजारी घड्याळातल्या अकराच्या जागी लाल टिकली, बायकोच्या पाकिटातली. सिनेमाच्या आधी नॉब टिकलीवर आणायचा. तिथेच ठेवून एव्हीआरच्या माइकनं सेटिंग केलंय.

ओम्स_लॉ
तो काल लिहिणारा मीच. अण्णा, मान ठेवून सांगतो, तुम्ही जे लिहिलंत ते जोडणीचं वर्णन आहे, जोडायचं कारण नाही. एव्हीआर जुना होतो, कबूल. पण आवाजात फरक काय? ५० वॉटचा १०० वॉट केला तर वाढतात ३ डीबी, म्हणजे थोडासाच आवाज. १२ बाय १४ च्या खोलीत नेहमीच्या आवाजाला एक-दोन वॉटच्या वर जातं तरी काय? रिचर्ड क्लार्क नावाच्या माणसानं अमेरिकेत १०,००० डॉलर लावले होते, दोन अँप आवाज सारखा करून, आवाज फाटू न देता, न बघता ओळखून दाखवा. कोणी नेले नाहीत. फरक पडतो तो खोलीमुळे आणि स्पीकरमुळे, आणि खोलीची दुरुस्ती, म्हणजे माइकनं मोजून आवाज खोलीला जुळवणं, तुमच्या एव्हीआरमध्ये आहे, ८७ च्या डब्यात नाही. गाण्याला एव्हीआर बंद म्हणजे ती दुरुस्ती बंद, सबही बंद. मग मिळवलंत काय?

अण्णा_रामबाग
मिळवलं हे की पाच स्पीकरचा भार एका ट्रान्सफॉर्मरवर पडत नाही. डब्यावर छापलेले वॉट बहुधा एक-दोनच चॅनल चालवून मोजलेले असतात, सगळे एकदम चालवा मग बघा किती उरतात. पुढचे दोन काढून घेतले की सेंटरला श्वास घेता येतो. संवाद स्वच्छ ऐकू येतात, न बघता पण सांगीन.

ओम्स_लॉ
हे बरोबर आहे. कबूल केलं, फ्रेम करून लावा. पण हा सिनेमाचा फायदा झाला, तुम्ही तर गाण्यासाठी रडत होतात. आणि सबचं राहिलंच.

सुदामानगरी
सबचं सोपं आहे, ज्या सबला स्पीकरच्या तारा घेणारं इनपुट असतं तो घ्यायचा, अँपच्या टर्मिनलवरून तारा आणि एव्हीआरची एलएफई (सिनेमाच्या खर्जाची तार) वेगळी, दोन्ही एकदम लागतील असा बघून. माझा प्रश्न वेगळाय. मी दोन डबे जोडले त्या दिवसापासून घूंऽऽ असा आवाज येऊन राहिलाय, गाणं बंद असलं तरी. नवरा म्हणतो तुझ्या शास्त्रीय संगीतातला तानपुरा आहे. एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियननं सांगितलं प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, जाईल. काढू का?

जिरवण
नका हो ताई!!! पिन काढू नका, घूं जाईल आणि एक दिवस तुम्हीही जाल. ग्राउंड लूप आहे, म्हणजे डब्यांची अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेलीय. दोन्ही डबे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा आधी. मग सेट टॉप बॉक्समधली केबलवाल्याची गोल तार उपसून बघा, दहात नऊ वेळा चोर तोच असतो, त्याची अर्थिंग कुठल्या खांबावर असेल देव जाणे.

आणि जोडणीवरून आठवलं, सांगतोच. जेल रोडच्या एका दुकानातल्या मुलानं मला सल्ला दिला होता, भिया, प्री-आऊट-बिऊट काही नको, अँप आणि एव्हीआर दोघांच्या तारा एकाच स्पीकरला लावा, एका वेळी एक चालू करा. लावल्या. दिवाळीत भाचा आला, त्यानं दोन्ही चालू केले. टक् असा आवाज, बस, आणि खोलीभर जळका वास, लक्ष्मीपूजनाच्या उदबत्तीत मिसळून. ४,२०० रुपये. आणि तोच मुलगा म्हणतो, तुम्ही दोन्ही एकदम चालू करायला नको होते. अरे मग घरात माणसं राहतात की नाही?

ओम्स_लॉ
एक बंद असला तरी तसं जोडायचं नाही, चालू असलेल्याचा करंट बंद असलेल्याच्या आऊटपुटमध्ये शिरू शकतो. आणि दोन्ही चालू असले तर संपलंच, चालू अँपच्या आऊटपुटचा रोध जवळजवळ शून्य असतो, दुसऱ्याला तो शॉर्टच वाटतो. बघा, हे असं होतं दोन डब्यांच्या नादात. एक डबा असता तर भाचा निर्दोष सुटला असता.

अण्णा, एक विचारू? तुम्ही ऐकता काय एवढं, ज्यासाठी रिसीव्हर बंद करावा लागतो?

अण्णा_रामबाग
अमीर खाँसाहेब. राग मारवा, आणि रेकॉर्ड उलटवली की दरबारी. खाँसाहेबांच्या इंदुरात राहून हा प्रश्न विचारायची हिंमत झाली तुझी.

ओम्स_लॉ
ती एलपी एचएमव्हीच्या ईएएलपी नंबरची आहे. ईएएलपी म्हणजे मोनो, दोन्ही बाजूंना एकच आवाज, स्टिरिओ असती तर ईएएसडी असती. म्हणजे तुम्ही ज्या रेकॉर्डसाठी स्टिरिओ अँपची रोज आरती करताय ती स्टिरिओच नाहीये 😂😂 एक चॅनल, दोन स्पीकर, दोन डबे, एक टिकली.

अण्णा_रामबाग
हसून घे. मोनो आहे म्हणूनच हा अँप लागतो. पुढे मोनोचं बटण आहे. मोनो रेकॉर्डची खाच आडवी कापलेली असते, उभ्या दिशेला काही नसतंच, पण स्टिरिओ कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) उभं हललेलंही पकडतं आणि ती सगळी धूळ-खरखर असते. बटण दाबलं की दोन्ही चॅनल एक होतात आणि उभी खरखर आपसात कटते. तुझ्या लाखाच्या एव्हीआरला हे बटण आहे?

सुदामानगरी
मोनो बटणानं खरंच एवढा फरक पडतो? आमच्या आईकडच्या रेकॉर्डी पडून आहेत, मुलं म्हणतात सगळं मोबाइलवर आहे.

जिरवण
मोबाइलवर आहे पण कोणीतरी आवाज 'साफ' करून टाकलेला असतो, तानपुऱ्याचा वरचा सूर धुतला गेलेला. साफ करणाऱ्यांना पोह्यावरची शेव पण कचरा वाटत असेल.

लोकमान्य_नगर_७
मुद्द्यावर या की राव. अँप-एव्हीआरचा धागा आहे का मारव्याचा? आणि मोनो ऐकायचं तर एकच स्पीकर लावा, दोन स्पीकरांतून मोनो म्हणजे मधे एक भूत बसवलेलं असतं, डोकं जरा हलवलं की भूत सरकतं. आमच्या आजोबांकडे वॉल्व्हचा रेडिओग्राम होता, एक मोठा स्पीकर, भिंतीत गायक उभा असल्यासारखा. तुम्ही लोक अँपवर भांडताय, एकानं तरी तसा गळा ऐकलाय का?

ओम्स_लॉ
थांबा थांबा. एकच स्पीकर? पुढे, मधे, एकटा? अण्णा, तुमच्या घरी तो आहे की. सेंटर. एव्हीआरमध्ये डॉल्बी सराउंड (दोन चॅनलचा आवाज सगळ्या स्पीकरांत वाटणारा मोड) लावलं की दोन्ही चॅनलमध्ये सारखं असलेलं सगळं सेंटरमधून येतं. तुमचे खाँसाहेब पूर्णच सारखे आहेत, भूत नाही, खरोखरचा एक स्पीकर. म्हणजे मोनो एलपीसाठी योग्य यंत्र निघालं एव्हीआर! बंद करून ठेवता तोच!

अण्णा_रामबाग
टीव्हीखालच्या त्या आडव्या डब्यातून मारवा? तू कधी मैफिलीला बसला आहेस का? का सगळं ग्राफावरच ऐकतोस?

ओम्स_लॉ
रवींद्र नाट्यगृहात बसलोय, मागच्या रांगेत, आणि तिथेही भिंतीवरच्या स्पीकरातूनच ऐकलंय. तुमच्यासारखं सगळ्यांच्या बाबांनी अँप ठेवलेला नसतो. मी पहिल्या पगारात एकच डबा घेऊ शकत होतो, तो घेतला. लगेच ग्राफवाला.

अण्णा_रामबाग
बरं बाबा. ते शेवटचं वाक्य मागे घेतो. फक्त शेवटचं.

जिरवण
करून तर बघा अण्णा. अँपच्या रेकॉर्ड-आऊटमधून (टेपवर भरायला ठेवलेलं आऊटपुट) एव्हीआरच्या एका इनपुटला द्या, फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचं इनपुट, तर अँपचाच वापरायचाय. फक्त एक लक्षात ठेवा, अँपचा सिलेक्टर ऑक्सवर असताना एव्हीआर त्या इनपुटला नेऊ नका. एव्हीआरचा आवाज अँपमध्ये, अँपचा परत एव्हीआरमध्ये, गोल गोल फिरून असा भोंगा होईल की गल्लीतले लोक बाहेर येतील. मी केलंय. भाच्यानं नाही, मी.

अण्णा_रामबाग (दुसऱ्या दिवशी)
केलं. सिलेक्टर फोनोवर, त्यामुळे पुढच्या स्पीकरांतून अँप स्वतःच वाजत होता, तो व्हॉल्यूम शून्यावर आणला. एव्हीआरवर डॉल्बी सराउंड.

गळा सेंटरमधून आला. एकाच जागेहून. विलंबितात खाँसाहेब थांबतात ना, तिथे खोलीत कोणी श्वास रोखून बसल्यासारखं वाटलं, हे मान्य करायला जीव जातोय पण वाटलं. दाट मात्र नाही, सेंटर लहान आहे, खर्ज पोचत नाही.

पण खरी गंमत पुढे. खरखर मागून येत होती! सोफ्यामागच्या दोन स्पीकरांतून. समोर मारवा, मागे खिडकीशी कोणी शेंगा सोलत बसलंय असा चटचट आवाज. बायको उठून बघून आली मांजर आलंय का.

ओम्स_लॉ
अर्रे हो! उभी खरखर दोन चॅनलमध्ये उलट फेजची असते, एकात वर तेव्हा दुसऱ्यात खाली, आणि उलट फेजचं सगळं डॉल्बी मागे पाठवतं. मोनो बटण दाबा ना मग.

अण्णा_रामबाग
दाबलं. रेकॉर्ड-आऊट बटणाच्या आधीच निघतो, त्यामुळे उपयोग नाही.

ओम्स_लॉ
मग मागचे दोन स्पीकर एव्हीआरच्या मेनूतून बंद करा, खरखर पण गेली. तेवढं काम आमचा डबा करतो. आता अँप कधी विकताय?

अण्णा_रामबाग
फोनो तुझा काका देणार आहे का? आणि व्हॉल्यूम शून्यावर नेताना हात लागून टिकली पडली, आता रात्री सिनेमाला नॉब कुठे ठेवायचा ते सांग आधी. परत माइक काढायला लावलास.

सुदामानगरी
केबलवाल्याची तार काढली. घूं गेलं. टीव्ही पण गेला, पण ते नवरा बघून घेईल.